कुठेही चालेल

संगणकातलं कोणतं काम कोणत्या प्रोसेसरवर चालवायचं, हे ठरवायच्या स्क्रीनची रचना चेतनाकडे होती. गुरुग्रामच्या आपल्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ती ऑफिसातल्या सुजयशी फोनवर बोलत होती. शेजारी तिचे वडील, अण्णा, बॅग भरत होते. उद्या त्यांना नोएडाला, तिच्या भावाकडे, जायचं होतं. अण्णांनी आलटून पालटून दोघांकडे राहायचं, असं भावंडांनी ठरवलं होतं. विचारलं की अण्णा म्हणत, "मला काय, कुठेही चालेल."

"प्रत्येक कामापुढे 'कुठेही चालेल' असा चौकोन देऊ," चेतना सांगत होती, "आणि त्यात टिक आधीच केलेली. म्हणजे ज्याच्यावर भार कमी, त्याच्याकडे काम आपोआप सरकेल."

"पण यार, एखाद्या कामाला एकाच जागी राहायचं असेल तर?"

"तर टिक काढायची. पण बघशील तू, कोणी काढत नाही."

फोन ठेवून तिनं वर पाहिलं. घडी केलेला स्वेटर हातात धरून अण्णा तसेच उभे होते.

"काय झालं, अण्णा? अहो, ते कॉम्प्युटरचं बोलणं होतं," ती हसली.

"कळलं गं मला ते."

अण्णांनी स्वेटर बॅगेत ठेवला आणि तिच्याकडे वळून म्हणाले,

"एवढंच सांग, ती टिक मागाहून काढता येते का?"