पुढचं झाकण

ऑइल प्रेशरचा काटा वर जायला तयारच नव्हता. इंजिन नुकतंच सुरू झालेलं, अजून हाताला गार, आणि काटा मात्र तळाशी. धाकट्याने घाईने चावी फिरवून इंजिन बंद केलं.

साठ वर्षांची गाडी, डॉक्टरांच्या वडिलांची. तिचं इंजिन धाकट्याने दोन महिने खपून नव्याने बांधलं होतं, तेही पहिल्यांदाच एकट्याने. एरवी दादा लेथवर क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, मापात घासायचा आणि इंजिन जुळवताना शेजारी उभा राहून एकेक भाग हातात द्यायचा. या वेळी डोळ्याच्या ऑपरेशनमधून उठून त्याने क्रँक तेवढा घासून दिला. "बाकीचं माझं मी बघतो," असं धाकट्याने त्याला ऐटीत सांगून टाकलं होतं.

"काय झालं?" गाडी न्यायला आलेल्या डॉक्टरांनी विचारलं.

दादा मागून वाकून काट्याकडे बघत होता. "आधी इंजिनाचं पुढचं झाकण खोल," तो हळूच म्हणाला.

धाकट्याला ते झोंबलं. ते झाकण त्याने स्वतःच्या हाताने बसवलं होतं. नाचता येईना, अंगण वाकडं, असं दादाबद्दल त्याच्या मनात आलं. तो सरळ डॉक्टरांकडे वळला.

"क्रँक जास्त घासला गेलाय, साहेब. बेअरिंगमधली फट वाढून तिथून ऑइल निसटतंय. दादाला आता दिसत नाही हो. मापं चुकतात त्याची."

दादाने चष्मा काढून पुसला आणि पलीकडे लेथच्या खोलीत निघून गेला.

"माझ्या अजून दोन गाड्या यायच्यात," डॉक्टर म्हणाले. "त्यांचे क्रँक मग दुसरीकडे देऊ." धाकट्याने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी त्याने इंजिन उतरवून क्रँकची मापं घेतली. तीनदा घेतली. केसाचाही फरक नव्हता. मग झक मारत त्याने पुढचं झाकण खोललं.

आत एक भोक उघडं होतं. ऑइलच्या वाटा साफ करायला तिथलं बूच काढतात आणि नंतर परत घट्ट बसवतात. ते बसवलंच नव्हतं. पंपाने वर ढकललेलं ऑइल तिथूनच खाली सांडत होतं. बूच रॉकेलच्या ट्रेमध्ये गाळाखाली सापडलं. इतकी वर्षं ते दादाच न मागता हातात ठेवायचा. आठवणीने बसवायची वेळ धाकट्यावर कधी आलीच नव्हती.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरांना फोन करून त्याने सगळं सांगितलं, ते त्या मानाने सोपं गेलं. दादासमोर जायला मात्र पाय उचलेनात.

दादा लेथवर कापड घालत होता.

"दादा, बूच राहिलं होतं. माझ्याकडून."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"माझा क्रँक चुकला असता, तर गार इंजिनात ऑइल घट्ट असताना तरी काटा चढला असता ना. तेव्हाच कळलं."

"मग तेव्हाच का नाही बोललास? मी तुझ्याबद्दल नाही नाही ते बोललो!"

"गिऱ्हाईक उभं होतं रे," दादा म्हणाला. "त्याच्यासमोर तुझी चूक कशी काढणार?"