दिघ्यांचे जंतू

"जंतू सापडले," इंदुमतीबाईंची थुंकी तपासून लॅबमधलं यंत्र मोठ्याने म्हणालं. "नेहमीच्या गोळ्यांना ते दाद देणार नाहीत, पिवळ्या कॅप्सूलने मरतील. परवापर्यंत ते दिगंबर दिघे यांच्या घशात होते. त्यांनाही बोलावलं आहे."

इंदुमतीबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचा मुलगा हेमंत चक्रावला.

"शेजारचे दिघेकाका? आई, पार्किंगच्या भांडणापासून तू त्यांच्याशी बोलत नाहीस ना?"

"बोलत नाहीच," इंदुमतीबाई म्हणाल्या आणि लाजल्या.

हेमंतच्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई हल्ली संध्याकाळीसुद्धा गच्चीवर पापड वाळत घालायला का जाते, तेही त्याला आत्ता कळलं.

तेवढ्यात गळ्याला मफलर गुंडाळलेले दिघे दारात आले आणि हेमंतला पाहून तिथेच थबकले.

"दोघांनी औषध एकाच वेळी घ्या, जेवणानंतर," यंत्राने बजावलं. "नाहीतर जंतू पुन्हा एकमेकांकडे जातील."

हेमंतने आईकडे पाहिलं. ती खाली मान घालून बसली होती. इतकं घाबरलेलं त्याने तिला कधी पाहिलं नव्हतं.

"काका," तो म्हणाला, "मग कोर्स संपेपर्यंत जेवायला आमच्याकडेच या."

दिघे यंत्राकडे वळले. "कोर्स जरा लांबवता येईल का हो?"