दहा वर्षांची अट

रविवारी संध्याकाळी सहा वाजता जपानमधल्या तोयोसुच्या फ्लॅटमध्ये शिरीष यादी पक्की करत होता. पुण्याच्या त्याच्या कॉलेजात, माजी विद्यार्थी मेळाव्यात सत्कार व्हायच्या शिक्षक-कर्मचाऱ्यांची ती यादी; साडेसहाच्या आत पुण्याला पाठवायची होती. त्याची बायको विभा उद्याच्या कचऱ्यासाठी बाटल्यांची लेबलं सोलत बसली होती.

नागोयाहून त्याच कॉलेजचा अंबरीष फोनच्या स्पीकरवर होता. "शिरीषसान, विभा मॅडम कशा नाहीत यादीत? आम्हाला सर्किट्स त्यांनीच शिकवली."

"दहा वर्षं नोकरीची अट आहे. त्यातून मीच बायकोचं नाव घातलं, तर लोक म्हणतील घरचंच कार्य उरकलं."

"कमी किती पडतात?"

शिरीष आठवू लागला.

"चार महिने," विभा मान वर न करता म्हणाली. "जपानला निघताना तेवढे थांबू या, म्हटलं होतं मी."

साडेसहा वाजले तरी यादी पुण्याला गेलेली नव्हती.