वळखीची गाडी

"ह्या गाडीवर आल्यावर न्हाई म्हणायची कुणाची छाती हाय गं माय!" पोरगी बघायला तलवाड्यात शिरताना अजिनाथ मागं बसलेल्या भिवराबाईला ओरडून म्हणाला. ओरडूनच बोलावं लागायचं, गाडीचा आवाजच तसा होता. उंच हँडल, पाय लांब सोडून बसायचं रुंद सीट, आरशांना झालर. कालच मांजरसुंब्याला ढाब्याशेजारी जुन्या गाड्या विकणाऱ्या अंगदशेठकडून आणलेली. भिवराबाईनं एका हातानं लेकाचा सदरा धरला होता, दुसऱ्या हातानं पदर आणि मनात सगळे देव.

उत्तरेश्वरच्या दारात गाडी थांबली तसं अंगणातलं कुत्रं उठलं. भुंकलं नाही. शेपूट हलवत आलं, मागचं चाक हुंगलं आणि रोजच्या जागी यावं तसं गाडीच्या सावलीत पसरलं.

"आली का परत," पोरीचा बाप उत्तरेश्वर म्हणाला. तो पाहुण्यांकडं नव्हे, गाडीकडं बघत होता.

"पैल्यांदाच आलो की मामा," अजिनाथ म्हणाला.

"तुमी पैल्यांदा. ही तिसऱ्यांदा." त्यानं टाकीवर थाप मारली. "गाडी तीच येती, वरचा गडी तेवढा बदलतो. पोरगी बघायची म्हणलं की तुमी समदे अंगदकडं जाता, आन् नकार आला की त्यालाच माघारी देता. बसा, बसा. पाणी आणा गं."

त्याची बायको छबुबाई तांब्या घेऊन आली. अजिनाथला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "मागच्यापरीस ह्यो बरा हाय. त्याला केस नव्हते."

अजिनाथनं डोक्यावरून हात फिरवला. जमेची एवढी एकच बाजू निघाली होती.

त्यांची पोरगी करिष्मा चहा घेऊन आली. कप ठेवला आणि उभ्याउभ्याच विचारलं, "उसाला जाता का?"

अजिनाथनं तोंड उघडलं. गाडी घेतली होती ती ह्याच सवालाच्या आडवी लावायला. असल्या गाडीवाल्याला कुणी कोयत्याचं विचारत न्हाई, असं अंगदशेठ छातीवर हात ठेवून म्हणाला होता. पण त्याच्या आधी भिवराबाई बोलली. तिला खोटं कधी जमलंच नव्हतं.

"जातो की. आमचा मायलेकाचा कोयता असतो. त्यो तोडतो, मी मोळ्या बांधून वाहती. पण यंदा गुडघं न्हाई म्हणत्यात बाई. आन् मुकादम म्हणतो, जोडी असंल तर चला, अर्धा कोयता मी नेत न्हाई."

"म्हंजी तुमाला सून न्हाई, अर्धा कोयता पायजे," करिष्मा म्हणाली आणि ट्रे घेऊन आत गेली.

कुत्र्यानं कूस बदलली.

उत्तरेश्वरनं घसा साफ केला. "आमचा जलम उसात गेला पाव्हणं, पोरीचा जाऊ न्हाई एवढंच. आमची मागणी मोठी न्हाई. बंगला नको, नौकरी नको, गाडी तर नकोच. दारात एक दुभती म्हैस पायजे. पोरगी डेअरीला दूध घालंल आन् गावातच ऱ्हाईल. हाय का म्हैस?"

अजिनाथ कपात बघत राहिला.

"हुती," भिवराबाई म्हणाली. "काल अंगदशेठच्या दावणीला गेली. तिच्या बदल्यात तर ही आणली."

छबुबाईनं पदर तोंडाला लावला. हसायला की कशाला, ते कळलं नाही.

चहा संपला. पोरगी बघून निघताना "कळवतो" म्हणायची रीत असते, तीसुद्धा कुणाला आठवली नाही. अजिनाथनं गाडीवर बसून बटण दाबलं. गाडी खोकली आणि गप्प झाली.

"बटनानं न्हाई होत ती," उत्तरेश्वर चप्पल घालत म्हणाला. "हिला मारुतीच्या देवळापुढच्या उतारापतूर ढकलावं लागतं."

न बोलावता शेजारपाजारचे चौघं आले. दर वेळची आपापली जागा धरून उभे राहिले आणि गप्पा मारत ढकलू लागले. उतारावर गाडी सुरू झाली.

आता थांबवली की बंद पडणार. म्हणून अजिनाथ देवळापुढच्या पटांगणात गोल फिरत राहिला. "बस माय, बस पटकन!" भिवराबाई दर फेरीला पदर खोचून दोन पावलं पळायची आणि गुडघे धरून थांबायची. दारातून करिष्मा बघत होती. हसली असती तरी बरं वाटलं असतं.

शेवटी अजिनाथला मायकडं बघवेना. त्यानं ब्रेक दाबला. भिवराबाई नीट बसली. गाडी बंद पडली.

उतार मागं राहिला होता. ढकलणारे घरी गेले होते. पुढं डांबरी रस्त्यापर्यंत नुसता चढ होता.

अजिनाथनं उतरून हँडल धरलं. भिवराबाई न सांगता मागं गेली, दोन्ही हात लावून तिनं जोर केला. मागचं मडगार्ड निघून तिच्या हातात आलं. उसाची मोळी घ्यावी तसं तिनं ते डोक्यावर घेतलं.