खडकावरची फांदी

पाण्याखाली बुड्या मारायला आलेल्या चार परदेशी पाहुण्यांना होडीत घालून सिंतारो बुडालेल्या जपानी जहाजापाशी पोचला, तर तिथल्या खडकावर हिरवी फांदी खोवलेली. खडक त्याच्या मावशीच्या मालकीचा. फांदी म्हणजे तिच्या घरात सुतक, पाण्यात उतरणं बंद. तो तडक तिच्याकडे गेला.

"मावशी, घरात तर सगळे धडधाकट दिसतायत. गेलं कोण?"

"जहाजातले." मावशीनं डब्यातली मासळी भातावर ओतली. "काल जपानी लोक येऊन त्यांची हाडं घेऊन गेले."

"अगं, ती त्यांचीच माणसं होती! लढाईत मेलेली."

"असतील. ऐंशी वर्षं आपल्याकडे होती."

"मग आता बंद किती दिवस?"

"तुझे काका आपल्याकडे चाळीस वर्षं होते. त्यांचं सहा महिने पाळलं. आता तूच कर हिशेब."