पाठमोरा जावई

डेल्बर्ट ट्रकच्या टपावर उभा होता, आणि तेही सासूकडे पाठ करून.

ओढ्याचं पाणी ट्रकच्या दारांना लागलं होतं. इथे थेंबही पडला नव्हता, मेंढ्यांच्या पाठीवर लख्ख ऊन होतं. पाऊस दुपारपासून वरच्या पठारावर कोसळत होता, विजा तिकडेच कडकडत होत्या, आणि मघाशी पठाराचं ते लाल पाणी झाडंझुडपं उपटून घेऊन या कोरड्या ओढ्यात उतरलं. डेल्बर्ट पवनचक्कीच्या विहिरीवरून पिंपात पाणी भरून परत येत होता. ट्रक नेमका मधोमध बंद पडला.

त्याची सासू ग्लेनाबा धापा टाकत काठावर पोचली. मागोमाग कुत्रा आला. कुत्र्याचं नाव मोसी, म्हणजे त्यांच्या भाषेत मांजर. हे नाव जावयानंच ठेवलेलं, आणि ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती मेंढवाड्यात जाऊन एकटीच पोट धरून हसली होती. त्यांच्या लोकांची जुनी रीत होती: सासूनं जावयाचं तोंड बघायचं नाही, जावयानं सासूचं बघायचं नाही. बघितलं तर डोळे जातात. सात वर्षं दोघं एकाच अंगणात राहत होती. तो आला की ती शाल डोक्यावरून ओढून बाहेर पडायची. त्याचे बूट तिला ठाऊक होते, त्याचा खोकला ठाऊक होता. चेहरा ठाऊक नव्हता. काही सांगायचंच झालं तर दोघंही कुत्र्याला सांगायची.

"मोसी," ती ओरडली, "त्या माणसाला सांग, मी दोर टाकतेय. पकड म्हणावं."

"मोसी," टपावरून पाठमोरं उत्तर आलं, "सासूबाईंना सांग, मागे सरका. काठ ढासळतोय."

"काठाचं मी बघीन म्हणावं. तू तुझं बघ."

घरात तिची लेक अर्लिन सात महिन्यांची पोटुशी होती. ग्लेनाबानं दोराचं एक टोक काठावरच्या जुन्या बुंध्याला बांधलं, दुसऱ्या टोकाला एडके धरायचा फास होताच. मान खाली घालून, आवाजाच्या अंदाजानं तिनं तो भिरकावला. फास पाण्यात पडला. ओला दोर ओढून घेऊन तिनं पुन्हा टाकला. या खेपेला तो ट्रकच्या बॉनेटवर आपटला आणि घसरला. डेल्बर्ट दोन्ही हात मागे करून, आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखा हवेत चाचपडत होता. एवढा धिप्पाड गडी. दुसरी वेळ असती तर तिला हसू आवरलं नसतं.

ट्रक हातभर सरकला आणि एका बाजूला कलला. डेल्बर्ट गुडघ्यांवर आपटला. उठला तो पुन्हा पाठ करूनच.

तेव्हा मात्र ग्लेनाबाचं डोकं फिरलं. साठ वर्षांत तिनं एकाही एडक्याला न बघता फास टाकला नव्हता.

"डेल्बर्ट," ती म्हणाली. कुत्र्यानं कान टवकारले. हे नाव त्यानं तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "इकडे फीर."

"डोळे जातील, आई."

"माझे जाऊ देत. वापरून झालेत. तू मिटून घे हवं तर, पण फीर."

तो वळला. तिनं मान वर केली, नीट बघितलं आणि फास टाकला.

तो त्याच्या डोक्यावरून खाली येऊन काखेत बसला. त्यानं उडी घेतली आणि लाल पाण्यात दिसेनासा झाला. दोर ताणला गेला, बुंधा करकरला. ग्लेनाबा टाचा रोवून ओढत राहिली. प्रवाहानंच त्याला फिरवून काठाकडे आणलं, आणि मग तो खोकत, चिखलात कोपरं रुतवत वर आला. तो ओळखीचा खोकला ऐकल्यावरच तिनं दोर सैल सोडला आणि ती खाली बसली. त्याच्या मागे ट्रक आडवा झाला आणि पिंपासकट वाहून गेला. कुणी तिकडे पाहिलंही नाही.

ती चिखलात बसली होती आणि तिला काही दिसेना. समोर सगळं धुरकट, लालसर. गेले, तिच्या मनात आलं. मग तिनं शालीच्या टोकानं डोळे पुसले, तर मोसी दिसला, दोर दिसला, एक बूट गेलेला पाय दिसला. ती रडत होती, एवढंच झालं होतं. पठारावरचा पाऊस आता इथवर आला होता. गडगडाट मागे राहिला होता. त्यांच्याकडे ज्याला बायकी पाऊस म्हणतात, तशा हळुवार सरी पडत होत्या आणि मेंढ्या तोंडं वर करून उभ्या होत्या.

अर्लिन पोट सावरत धावत आली. तिची चाहूल लागताच दोघांनी झटकन एकमेकांकडे पाठ केली.

"आई, तू ओढलंस याला?" तिनं नवऱ्याला चाचपून पाहिलं, तो सगळा जागच्या जागी होता. मग तिच्या डोळ्यांत दुसरीच भीती आली. "म्हणजे तुम्ही एकमेकांना पाहिलंत?"

"छे," ग्लेनाबा म्हणाली. "दोर टाकला. लागला."

"अंदाजानंच," डेल्बर्ट दुसरीकडे बघत म्हणाला.

अर्लिननं एकदा आईच्या पाठीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या तोंडाकडे. पावसानं तिघांनाही भिजवून टाकलं होतं, आणि आडोशाला जायची घाई कुणालाच नव्हती.

ग्लेनाबा दोर गुंडाळत उठली आणि घराच्या वाटेला लागली. चार पावलांवर थांबली, मागे न वळता.

"मोसी," ती म्हणाली, "हिला सांग, त्याच्या डाव्या भुवईवर खोक पडलीय. आधी ती बांध म्हणावं."