राक्षसाचा डावा पाय

सायबर कॅफेत छापलेल्या नियमांवरून निर्मळ गावची कॉलेजातली पोरं फासे टाकून राक्षस मारायचा खेळ खेळत. या खेपेचा राक्षस स्टीवनने कागदावर उतरवला: डावा पाय ओढणारा, दिवसभर उपदेश करणारा. शस्त्राने मरत नाही. पण त्याच्या बोलण्याला कोणी उत्तरच दिलं नाही तर तीन डावांत संपतो. मोटारसायकल नाकारल्याबद्दल स्टीवनचा हाच उपाय महिनाभर घरी पप्पांवर चालू होता. खेळात मांडायला राक्षसाचा पुतळा मात्र पप्पांकडूनच हवा, कारण नाताळच्या गोठ्यातल्या मेंढ्या त्यांच्याइतक्या सुबक गावात कोणाच्याच होत नसत. निरोप आईकरवी गेला. रविवारी पाय ओढत पप्पांनी मातीचा राक्षस आणून ठेवला. “डावा पाय जमेना. मग आरशात बघून केला.” “अंकल, एक नंबर!” पोरं ओरडली. पप्पा खुलले. “स्टीवन, हा मरतो कसा रे?” “मरत नाही, पप्पा,” स्टीवन म्हणाला आणि राक्षसाच्या त्या कागदावरच बसला.